गच्चीवरच्या कूलरची हवा

नवऱ्याची बदली धुळ्याहून जळगावला झाली तेव्हा आम्ही एका जिनिंग मिलच्या मागच्या गल्लीत भाड्याने राहायला गेलो. घरमालकांना सगळे नाना म्हणत. एरंडोलकडची शेती भावाकडे सोपवून ते शहरात आले होते. गल्लीत कोणाकडे नव्हती अशी एक सोय त्यांनी करून घेतली होती. गच्चीवर मोठा कूलर होता, आणि त्याची हवा पत्र्याच्या चौकोनी नळीतून त्यांच्या आणि आमच्या खोलीत यायची. दोन्हीकडे दाराच्या वर, नळीच्या तोंडाला जाळी होती. तिच्याखाली चटई टाकली की एप्रिलच्या दुपारीही झोप लागायची.

माझी मुलगी आणि नानांचा नातू एकाच वयाचे, अजून शाळेत न जाणारे. दोघं त्या चटईवर खेळायचे. कूलर सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत दोघांनाही खोकला लागला. मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. नातवाचं त्याहून वाईट होतं, त्याला आधीपासून धाप लागायची. नानांची सून माझ्याहून लहान होती, मला वहिनी म्हणायची. आम्ही दोघी एकाच रिक्षाने डॉक्टरांकडे जायचो, एकच लाल औषध घेऊन यायचो.

मे महिन्यात मी मुलीला घेऊन धुळ्याला माहेरी गेले. तिथे नुसता पंखा. खिडकीला ओलं पोतं. मुलगी उकाड्याने रडली, अंगावर घामोळं उठलं, पण खोकला हळूहळू थांबला. जळगावला परतलो आणि दोन रात्रींतच ती पुन्हा खोकत उठून बसू लागली.

रविवारी नवऱ्याने स्टुलावर चढून जाळी काढली. आत हात घातला तर तो कोपरापर्यंत काळा झाला. हिवाळाभर मिलमधून उडालेली रुई नळीत जाऊन बसली होती, वर धूळ, वर कूलरच्या गवताचा कुजलेला चुरा. सगळं ओलसर, बुरशी धरलेलं. खाली ठेवलेल्या पाटीत एक मेलेली चिमणी पडली. सून दारात उभी राहून बघत होती. तिने पदर तोंडाला लावला.

मी नानांना सांगितलं की नळी उतरवून धुवायला हवी, तोवर पोरांना त्या हवेत झोपवू नका. ते रागावले नाहीत. उलट हसले. सगळं गाव तापलेलं असताना आम्हाला गार हवा नको, याचंच त्यांना नवल.

"बठ्ठं गाव तपी राह्यनं, नि तुमले थंडी हवा नको शे?"

आम्ही आमच्या बाजूच्या जाळीवर पुठ्ठा ठोकला. मुलगी सावरली. पलीकडे मात्र पोराला धाप लागली की नाना स्वतः त्याला उचलून जाळीखाली नेत. जीव घाबरा होतोय, वारा लागला म्हणजे बरं वाटेल, असं त्यांचं म्हणणं. आणि त्याला क्षणभर बरं वाटायचंही. सुनेने एकदा कूलरचं बटण बंद केलं तर घरात केवढं बोलणं झालं, ते भिंतीतून मला ऐकू आलं. मग कूलर पुन्हा सुरू झाला.

जूनच्या तोंडाशी, भर दुपारी, सून मागच्या दाराने धावत आली. पोराचे ओठ निळे पडले होते. नवरा ऑफिसात होता. मी चौकातून रिक्षा आणली. नाना पुढे बसले, आम्ही दोघी मागे. तो तिच्या मांडीवर होता, मान मागे टाकून श्वास ओढत होता. रेल्वे फाटक बंद होतं. मालगाडी जाईपर्यंत आम्ही उन्हात उभे राहिलो. फाटक उघडायच्या आधीच त्याच्या श्वासाचा आवाज थांबला.

डॉक्टरांनी कशावरही बोट ठेवलं नाही. दमा होताच, म्हणाले. मीही नक्की सांगू शकत नाही.

दहाव्यानंतर नानांनी माणूस न बोलावता स्वतः गच्चीवर चढून नळी उपटली. पत्रे अंगणात टाकले. त्यांच्या हाताला कापलं होतं, रक्त येत होतं. मी हळद घेऊन गेले तर त्यांनी हात मागे घेतला.

सून माहेरी गेली ती परत आली नाही. जाताना तिने मला एवढंच विचारलं, "वहिनी, मी बटण पुन्हा का लावू दिलं?"

मी तिची पिशवी रिक्षात ठेवली. पावसाळा संपायच्या आत आम्हीही घर बदललं.