टॅबवरचा बिनडोळ्यांचा बाप्पा

माझ्या सासऱ्यांच्या कारखान्यातून आजवर एकच गणपती बिनडोळ्यांचा बाहेर पडला, आणि तो मी पाठवला.

सासऱ्यांचा पेणला मूर्तींचा कारखाना. मी त्यांचा जावई, राहतो रोह्याला, जवळच धाटावच्या एका कंपनीत स्टोअरला. कंपनीने लॅपटॉप दिलाय, तेवढ्या भांडवलावर सासुरवाडीत मी कॉम्प्युटर इंजिनिअर! (एक्सेलमध्ये बेरीज येते. वजाबाकी मोबाईलवर करतो.) कारखान्याची वेबसाइट मीच बनवली, व्हिडिओ बघून. फक्त वर ब्राउझरच्या टॅबवर नावाशेजारी दिसतं ते इवलंसं चित्र राहिलं होतं. फळीवरच्या एका कच्च्या मूर्तीचा फोटो काढला, चढवला आणि सगळ्यांना हाक मारली. "बघा, बाप्पा जगभर पोचला!"

सासऱ्यांनी चष्मा लावला. "जावईबापू, याला डोळं नायत."

"मामा, चित्र तांदळाएवढं आहे! कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना! चाळीस वर्षांत डोळ्यांची आखणी केल्याबिगर मूर्ती उंबऱ्याबाहेर गेली नाय. तुमी जगभर धाडलीत! आज चारला पनवेलचं नवीन गिऱ्हाईक येतंय, वेबसाइट बघून ऑर्डर देणार. हे असलं दाखवू? त्यापरीस त्यांना आल्या पावली परत पाठवतो!"

मला घाम फुटला. डोळे असलेल्या मूर्तीचा फोटो चढवला. टॅबवर जुनाच बाप्पा! रिफ्रेश केलं. जुनाच. लॅपटॉप बंद करून चालू केला. जुनाच!

"अहो, झालं का?" बायको.

"होतंय, होतंय."

"मिक्सर उघडलात तेव्हाही हेच म्हणाला होतात." (तेव्हापासून आमच्याकडे चटणी पाट्यावर वाटतात.)

"गप गो, दमले असतील ते," सासूबाई म्हणाल्या. हे जास्त लागलं.

चारला दहा मिनिटं असताना सासरे उठले, सगळ्यात बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून आले. मला वाटलं, वैतागून कामाला लागले. त्यांनी श्वास रोखला आणि थेट माझ्या स्क्रीनवर, टॅबवरच्या त्या बाप्पाला दोन डोळे काढले!

"मामा! लॅपटॉप कंपनीचा आहे!"

"हलू नका. आखणी बिघडंल."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सासऱ्यांनी अभिमानाने लॅपटॉप पुढे केला. "डोळं बघा, डोळं!" त्या गृहस्थांनी स्वतःचा लॅपटॉप उघडला. "हो की! आमच्याकडेही छान दिसतायत."

म्हणजे नवीन चित्र दुपारीच चढलं होतं! जुनं धरून बसला होता तो फक्त माझा लॅपटॉप. हे सांगायला मी तोंड उघडलं, पण सासरे आधीच बोलले, "दिसणारच! आत्ताच काढलं ना मी."

ऑर्डर मिळाली. सासूबाईंनी सासऱ्यांची दृष्ट काढली. माझ्याकडे चहाचे कप दिले, आत नेऊन ठेवायला.

आता धाटावला कुठलीही साइट उघडली, तरी वरच्या कोपऱ्यातून ते दोन डोळे माझ्याकडे बघतात. साहेब म्हणाले, "अरे, पुसून टाक ते." नाही पुसत. त्या वेबसाइटसाठी धड झालेलं काम तेवढंच आहे!