झाकणाचे चार स्क्रू

सबब सांगण्यात माझा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं. मॅट्रिकला गणितात गेले, कारण ताप आला होता. ऑक्टोबरला पुन्हा बसले नाही, कारण फॉर्मची तारीख कुणी सांगितली नाही. शिवणाचा क्लास सोडला, कारण मशीन पायाला जड जायचं. आई दिवसभर कापसाच्या जिनिंगमध्ये राबून यायची, हातपाय धुवायची आणि म्हणायची, "करायचं न्हाई तर न्हाई म्हन. सबबी नको सांगू मला."

खरं कारण मला ठाऊक होतं, पण ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती. मला मोटरी दुरुस्त करायला शिकायचं होतं.

जालन्याच्या मस्तगडात गिरणीच्या वाटेवर एका म्हाताऱ्या चाचांचं दुकान होतं. विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी त्यांच्याकडे यायच्या. जळकी तार कापून काढायची, तिचे वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तांब्याच्या तारेचे घालून मोटरीच्या खाचांत बसवायचे, वर वार्निश ओतून वाळवायचं. मी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन बघत उभी राहायचे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती, गावोगाव विहिरींवर वीज आली होती, आणि मोटरी जळण्यालाही जोर आला होता.

'मुलीला कोण शिकवणार' ही माझी सगळ्यात सोयीची सबब. ती मी दोन वर्षं पुरवून पुरवून वापरली. मग एका सकाळी स्वतःचाच कंटाळा आला. डबा खाली ठेवला आणि चाचांना विचारलं, "मला शिकवता का?"

ते वेढे घालत होते. वेढे घालणाऱ्याशी बोलायचं नसतं, मोजणी चुकते. त्यांनी नुसतं एक बोट वर केलं. मी थांबले. वेढे संपल्यावर त्यांनी जळक्या तारेचा एक झुबका माझ्यापुढे टाकला. "गिन."

गणितात गेलेल्या मी तो दोनदा मोजला आणि आकडा सांगितला. त्यांनी स्वतः मोजून बघितला. मग म्हणाले, "उद्या ये, बेटी."

घरी आत्या चिडली. हात काळे करून घेतल्यावर हिला करणार कोण, असं तिचं म्हणणं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊ द्या. पहिल्यांदा काहीतरी करते म्हनली."

पुढचे आठ महिने मी बोटं कापून घेतली आणि वार्निशच्या वासानं जेवण टाकलं. गिऱ्हाइकं चाचांना विचारायची, "पोरगी मोटर बांधती का लाडू वळती?" मला राग यायचा. राग आला की माझे वेढे जास्त घट्ट बसायचे, हा त्याचा फायदा.

हिवाळ्यात तीर्थपुरीकडच्या एका शेतकऱ्याची मोटर आली. ती चाचांनी पूर्ण माझ्या हातात दिली. जोडायलाही मीच जायचं होतं, कारण त्यांचे गुडघे विहिरीवर चढ-उतर करू देत नव्हते. निघताना ते म्हणाले, "ही परत आली तर तू घरी. लोक मला हसतील. बिलकुल बहाणा चालनार न्हाई."

आमच्या माणसांना विहिरीवर चढू न देणाऱ्या गावांच्या गोष्टी ऐकत मी वाढले होते. मोटर बंद पडली की मात्र कुणी जात विचारत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. शेतकरीकाका माणूस बरा होता. गहू पोटरीत आला होता, त्यांना पाण्याची घाई होती. मी तारा जोडल्या. मोटर उलटी फिरली तर दोन तारा बदलाव्या लागतात, म्हणून मोटरीवरच्या तारांच्या डबीचं झाकण उघडंच ठेवलं.

तेवढ्यात काकू हळदकुंकू आणि नारळ घेऊन आल्या. आमच्या घरी हे सगळं माझ्या जन्माआधीच सुटलं होतं. वडील बुद्धविहारात वंदनेला जायचे, नारळ आमच्याकडे फक्त चटणीत. मी तोंड फिरवून गव्हाकडे बघत उभी राहिले. त्यात थोडी घमेंडही होती, कबूल करते. काकांनी नारळ मोटरीच्या लोखंडावरच फोडला, हात जोडले आणि बटण दाबलं. फट्ट असा आवाज झाला. वळून बघते तो डबीतून निळा जाळ, आणि मग मला आता चांगला ओळखीचा झालेला तो जळका वास.

काका कपाळाला हात लावून बसले. "माझंच चुकलं, पोरी. पानी आत गेलं. मी सांगतो चाचाला, तू नको भिऊ."

मोटर ट्रकमध्ये टाकून आम्ही जालन्याला निघालो. एवढ्या सबबी मला आयुष्यात एकदम कधी मिळाल्या नव्हत्या. नारळ काकांनी फोडला. स्टार्टरमध्ये फ्यूजच्या जागी कुणीतरी जाड तार घातली होती, म्हणून मोटर जळेपर्यंत वीज तुटली नाही. आमच्यात नारळ फोडत नाहीत, मला काय ठाऊक तो कुठं फोडतात. सगळ्या खऱ्या होत्या, हीच पंचाईत. काका शेजारी बसून माझी बाजू कशी मांडायची त्याची तयारी करत होते. मी गप्प राहिले असते तरी माझी जागा वाचली असती. ती जागा मला जिवापाड हवी होती.

दुकानात काकांनी सुरुवात केली, "चाचा, नारळाचं पानी..."

"झाकण मी उघडं ठेवलं होतं," मी म्हणाले. "बटण दाबू द्यायच्या आधी बघायचं काम माझं होतं. मी बघितलं नाही."

चाचांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मी चपला शोधू लागले.

"कुठं चाल्ली?"

"घरी. परत आली तर घरी, तुम्हीच म्हनाल्ते."

"बहाणा चालनार न्हाई, असंबी म्हनाल्तो. तो तू केला न्हाई." त्यांनी जळकी तार कापून माझ्यापुढे टाकली. "गहू वाळून राह्यला त्या मानसाचा. गिन."

चौथ्या दिवशी मी पुन्हा त्या विहिरीवर होते. या वेळी बटण मी दाबलं. मोटर सुलटी फिरते हे बघून बंद केली आणि झाकणाचे चारही स्क्रू हाताला कळ लागेपर्यंत आवळले. काकू नारळ पदराआड धरून लांब उभ्या होत्या, काका तर बांधाच्याही पलीकडे.

"आणा तो नारळ," मी म्हणाले. "फोडा, काका. मोटरीवरच फोडा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, जवळ आले आणि फोडला. पाणी झाकणावरून ओघळून खाली मातीत जिरलं. मी शेवटच्या थेंबापर्यंत तोंड न फिरवता बघत राहिले, आणि मग बटण दाबलं.