पूनमच्या केसांचं सिरम

पडदा वर गेला आहे, असं समजा. काळेवाडीतली तळमजल्यावरची माझी खोली. ऊन येत नाही, गल्लीतला आवाज मात्र सगळा येतो. गुरुवारची दुपार. आमच्याकडं कंपन्यांना सुट्टी गुरुवारी, त्यामुळं बाहेर मोटरसायकली धुणं चाललंय. आणि जिन्यावरून, छातीशी रसायनशास्त्राचं पुस्तक धरून, पूनमचा प्रवेश.

पूनम वरच्या मजल्यावर राहते. वडील बीडकडून आलेले, फिटर. पोरगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. सकाळी कॉलेज, दुपारनंतर चाकणला बंपर रंगवणाऱ्या एका कारखान्यात सेकंड शिफ्ट. घरी टीव्ही मोठ्यानं चालतो, म्हणून अभ्यासाला माझ्याकडं येते. मी आयुष्यभर नाटकांत कामं केली. पाठांतर घ्यायची मला सवय आहे, आणि पाठ करणाऱ्याचा चेहराही वाचता येतो. त्या दिवशी तो उतरलेला होता.

"काय झालं गं?"

"छबूमावशीला घरी बसवलं, आजी."

छबूबाई तिच्या शेजारी उभी राहायची. रंग मारायच्या आधी दोघी मिळून बंपर पुसायच्या. तिथं दारावरच पाटी आहे, केसांना तेल लावून आत यायचं नाही. तेलाचा अंश जरी बंपरला लागला तरी तेवढ्या जागी रंग मागं सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखा बारीक खड्डा पडतो. असे खड्डे महिनाभर पडत होते. छबूबाईनं नोकरीपायी तेल केव्हाच सोडलं होतं. पण पन्नाशीची बाई, चापून घातलेला अंबाडा; सुपरवायझर जयसिंग म्हणाला, ही ऐकत नसणार.

"मग तू काय लावतेस?" माझी नजर तिच्या चमकत्या केसांकडं गेली.

"सिरम. ते तेल नाहीच, आजी. पाटीवर तेल लिहिलंय. आणि मी बाटलीवरचं नाव वाचून बघितलंय. सिलिकॉन नि ऑक्सिजनचा बंध असतो त्यात. हाताला लागलं तरी नुसत्या पाण्यानं निघून जातं. सिरम चालतं, असं मीच सगळ्या पोरींना सांगितलं."

"पुस्तकात आहे हे?"

"पुस्तकातून मी काढलंय."

मला त्यातलं काही कळेना, म्हणून तिनं ओढणीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं स्वतः धरलं. बंध म्हणजे दोन अणूंनी मिळून धरलेले इलेक्ट्रॉन. दोघं सारख्या जोरानं ओढत असतील तर ओढणी मधोमध राहते. एक जोरकस असला तर ती त्याच्याकडं सरकते. ही जी ओढायची ताकद, तिचं नाव विद्युतऋणता.

"ऑक्सिजन दांडगा आहे," पूनम म्हणाली. "सिलिकॉन बिचारा. त्यामुळं एका बाजूला थोडा ऋण भार, दुसऱ्या बाजूला थोडा धन. पाण्याचंही तसंच असतं. मग पाण्याला तिथं धरायला जागा मिळते."

"आमचा तोंडाचा रंग मात्र पाण्यानं कधी गेला नाही," मी म्हणाले. "साबण लावून घासा, तरी तसाच. खोबरेल लागायचं."

"बरोबर. तो तेलकट रंग. त्यात कार्बन आणि हायड्रोजन, दोघांची ताकद जवळजवळ सारखी. पाण्यानं धरायचं काय? सिरमचं बरोबर उलटं असतं. थांबा, काढून दाखवते."

ती चित्र काढू लागली. सिलिकॉन, ऑक्सिजन, सिलिकॉन, ऑक्सिजन, अशी लांब साखळी. मग प्रत्येक सिलिकॉनला दोन-दोन हात काढले, आणि हातांच्या टोकांवर लिहीत गेली: कार्बन, भोवती तीन हायड्रोजन. पुन्हा तेच. पुन्हा तेच. पेन थांबलं.

"काय गं?"

"बाहेर सगळे हेच उभे आहेत, आजी."

रंगमंचावर मागं कितीही मोठं भांडण चालू द्या, पुढं दहाजण गप्प उभे असले तर प्रेक्षकाला ते दहाच दिसतात. एवढं मला कळलं. साखळीच्या आत ऑक्सिजन ओढत होता. पण पाण्याची गाठ पडणार ती बाहेरच्यांशी, आणि त्यांच्याकडं ओढाताण जवळजवळ नव्हतीच. पूनमनं बंध बघितला होता, रेणू बघितला नव्हता.

"म्हणजे ते निघतच नाही," ती हळू म्हणाली. "कामावरची टोपी घालताना माझा हात केसांना लागतो. नुसत्या पाण्यानं धुतलेल्या त्याच हातानं मी बंपर पुसायचं फडकं धरते."

ही नोकरी गेली तर वडील वर्षभर कॉलेज थांबवणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मग तिनं फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला. जयसिंगचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"सर, ते खड्डे छबूमावशीमुळं नाहीत. माझ्यामुळं असावेत."

"सुट्टीच्या दिवशी काय हे? तू तर तेल लावत नाहीस."

"सिरम लावते. रद्द झालेल्या एका बंपरवर त्याचं बोट फिरवा आणि रंग मारून बघा."

"आणि खड्डा पडला तर? तुला घरी बसवावं लागेल, पूनम. कळतंय का?"

"कळतंय."

तो म्हणाला, "बरं. बघतो मी. छबूबाईला तूच सांगून टाक, या म्हणावं उद्यापासून."

"नाही सर, तो फोन तुम्हीच करा, घरी बसा असं तुम्हीच त्यांना सांगितलं होतंत. मी त्यांच्या घरी जाते, माझी चूक मला सांगायचीय."