माझ्यासाठी कुणी उठलं नाही

त्यांनी माझ्या हातात संडासाचा ब्रश दिला. दांड्याला निळी रिबन बांधलेली. आधीच्या मुलींना गुलाब मिळाले होते. त्या गुलाबांनाही हीच रिबन होती.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातलं लाल विटांचं जुनं घर. वरच्या मजल्यावरचं बाथरूम. नोव्हेंबरातला रविवार, दुपारीच अंधारून आलेलं. आत इतक्या मुली घुसल्या होत्या की दार लागत नव्हतं. कमोडमध्ये मुद्दाम काहीतरी ओतून ठेवलेलं. तपकिरी. चॉकलेट सॉस असेलही, पण वास चॉकलेटचा येत नव्हता.

"गुडघ्यावर बस," इमोजेन म्हणाली. इमोजेन म्हणजे या मुलींच्या क्लबची प्रेसिडेंट. मऊ आवाज. ती कधी ओरडत नाही. ओरडायची तिला कधी गरजच पडली नसावी. "तुला येतच असेल. फॅमिली बिझनेस ना?"

सगळ्या हसल्या. एकीने फोन वर धरला, शूट करायला.

हसणाऱ्यांत रिया होती. ती खाली बघून हसत होती. माझे आजोबा काय करायचे हे त्या इंग्रज मुलीला कळायचं काही कारण नव्हतं. त्या घरात ते फक्त रियाला माहीत होतं.

मी नागपूरची. आजोबा महानगरपालिकेत सफाई कामगार होते. गटारात उतरायचे. एकदा उतरले ते बेशुद्ध होऊनच वर आले. वाचले, पण छाती कायमची गेली. बाबा शिकले, मास्तर झाले. मी सरकारी शिष्यवृत्तीवर इथे मास्टर्स करायला आले. यात लपवण्यासारखं काय आहे? मी कधीच लपवलं नाही.

इथे आल्यावर पहिलं कळलं ते हे, की या देशात नुसतं माणूस असून भागत नाही. तुमच्यामागे दुसरं माणूस लागतं. खोली भाड्याने घ्यायला एजंटकडे गेले की पहिला प्रश्न, गॅरंटर कोण? म्हणजे जामीन. आणि तो ब्रिटनमधलाच पाहिजे, इथे घर, इथे नोकरी असलेला. माझा बाप मास्तर असून उपयोग नाही, तो नागपुरात आहे. सगळे एजंट हेच बोलायचे, अगदी नम्रपणे. शेवटी एका सॉफ्टवेअरवाल्या कुटुंबाच्या पुढच्या खोलीत, प्लायवूडच्या पडद्यामागे मी राहत होते. ख्रिसमसला घरमालकिणीची सासू पुण्याहून येणार होती, तेव्हा मला निघायचं होतं. कुठे जायचं ते माहीत नव्हतं.

आणि या मुलींच्या क्लबचं स्वतःचं घर होतं. मेंबर झालं की खोली. जामीन नको, एजंट नको. वरच्या मजल्यावर एक खोली रिकामी होती. पहिल्यांदा चहाला बोलावलं तेव्हा ती मी पाहिली. छोटी, उतरत्या छपराची, खिडकीतून रेल्वेचे रूळ दिसायचे. मला ती खोली हवी होती. खोटं कशाला बोलू, मी तिथे मैत्रिणी करायला गेले नव्हते. मला दाराला आतून लागणारी कडी हवी होती.

पोस्टरवर लिहिलं होतं, सगळ्यांचं स्वागत. निवडीची रीत मात्र अशी. आधी दोन-तीन वेळा चहाला बोलावतात. बघतात, बोलतात, कपडे न्याहाळतात. शेवटच्या दिवशी नव्या मुलीला हॉलच्या मधोमध उभं करतात. प्रेसिडेंट विचारते, हिच्यासाठी कोण उठतं? मेंबरांपैकी एखादी खुर्चीतून उठली की झालं. टाळ्या, गुलाब, मिठ्या. कुणीच उठलं नाही तर त्या मुलीने स्वतःला सिद्ध करायचं. म्हणजे त्या सांगतील ते करायचं.

आता उठणार कोण कुणासाठी? इथल्या मुली एकाच शाळेतून आलेल्या. एकीची बहीण मेंबर, दुसरीची हॉकी टीमची कॅप्टन मेंबर, तिसरीची आईच कधीकाळी मेंबर. त्यांच्यासाठी दोन दोन जणी एकदम उठायच्या आणि हसत परत बसायच्या. बाहेरून आलेलीसाठी कोण उठणार? तिला ओळखतं कोण?

मला वाटलं, माझ्यासाठी रिया उठेल.

रिया जवळच्याच मेडनहेडची. इथेच जन्मलेली. कॅम्पसवर मी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून ती धावत आली. "तू मराठी आहे? ओ माय गॉड, माझी आई एवढा खूश होणार." मला हसू आलं. बरंही वाटलं. महिनाभर कुणी माझ्याशी मराठीत बोललं नव्हतं. घरमालकीण सोडून, आणि ती फक्त गीझर बंद कर म्हणायची. क्लबबद्दल मला रियानेच सांगितलं. मी उठणार तुझ्यासाठी, डोन्ट वरी, असंही तीच म्हणाली.

दिवाळीत तिने मला घरी नेलं. मोठं घर, मागे बाग, दारात दोन गाड्या. तिच्या आईने चकली वाढली आणि पहिलंच विचारलं, आडनाव काय गं तुझं? मी सांगितलं. मग, मूळचे कुठले तुम्ही? मग, वडील काय करतात? मग, आणि आजोबा? मी एकेक उत्तर देत गेले. सरळ. मला वाटलं, विमानाने इतका समुद्र ओलांडलाय, हा प्रश्न तिकडेच राहिला असेल. काकूंचा चेहरा बदलला नाही. आवाज उलट गोड झाला. "कौतुक आहे हो. किती पुढे आलात तुम्ही लोक."

तुम्ही लोक. मी चकली खाली ठेवली. रिया समोरच बसली होती, फोनवर काहीतरी बघत. तिला यातलं काही कळलं नसेल असं मला वाटलं. मी निघाल्यावर त्या घरात काय बोलणं झालं, मला माहीत नाही. पण झालं.

तर तो रविवार. माझ्याआधी केली नावाची मुलगी होती. केली सन्डरलंडची, पार वर उत्तरेकडची. गोरीच, पण तिचं बोलणं ऐकून या मुली एकमेकींकडे बघायच्या. तिच्यासाठी कुणी उठलं नाही. तिला टेबलाखाली बसवून कुत्र्याच्या वाटीतलं खायला लावलं. तिने खाल्लं. वर तोंड पुसून म्हणाली, आमच्याकडच्या शाळेतल्या जेवणापेक्षा बरंय. सगळ्या खूश. तिला गुलाब मिळाला.

मग मी. हिच्यासाठी कोण उठतं?

मी रियाकडे बघितलं. रिया खुर्चीत. तिने पायावर पाय टाकला. इमोजेनच्या कानाशी वाकली, काहीतरी पुटपुटली. इमोजेनच्या भुवया वर गेल्या. "रिअली?" ती म्हणाली. मग ती हसली आणि म्हणाली, चला, वर.

आणि आता मी कमोडसमोर, हातात ब्रश.

मी म्हणाले, "नाही."

कुणी ऐकलंच नाही. नाही म्हणणं हा त्यांच्या खेळातलाच एक भाग होता. मागून कुणीतरी गुडघ्याच्या खोबणीत लाथ घातली. मी फरशीवर आदळले. एका हाताने माझी वेणी पिळली. दुसऱ्या हाताने मानेवर दाब दिला. कमोडची कड कपाळाला लागली. थंडगार. त्या ओरडत होत्या, स्क्रब, स्क्रब, स्क्रब, तालावर, टाळ्या वाजवत. तो वास नाकात गेला. आणि माझ्या डोक्यात आजोबा आले. फोटोतले नाहीत. दोरीने वर ओढलेले, तोंडाला फेस आलेले.

मी ब्रश फिरवला.

मागे न बघता, सगळ्या अंगाने. काहीतरी कडक लागलं. वेणी सुटली. मी उठले आणि पुन्हा मारला. इमोजेनच्या तोंडावर बसला. तिचा दात तुटला, ओठ फाटला, रक्त पांढऱ्या टाइल्सवर उडालं. फोनवाली किंचाळली. मी तिच्या हातातला फोन हिसकला आणि बेसिनवर आपटला, काच फुटेपर्यंत. मग रियाकडे वळले. ती टॉवेलच्या रॅकला चिकटून उभी होती. त्या दिवशी पहिल्यांदाच ती माझ्याशी मराठीत बोलली. "प्लीज, मला मारू नको." मी तिला हात लावला नाही. माझा हात तिच्यासाठी उचलण्याइतकीही ती माझी कुणी उरली नव्हती. मी तिच्या तोंडावर थुंकले आणि खाली उतरले. जिन्यात कुणी आडवं आलं नाही.

बसस्टॉपवर बसून मी आईला फोन लावला. सगळं सांगितलं. आई मग म्हणाली, "मारलं न? मंग आता भेऊ नको."

दुसऱ्या आठवड्यात विद्यापीठाचा निरोप आला. शारीरिक हल्ल्याची तक्रार. शिस्त समितीसमोर हजर राहायचं. काढून टाकलं तर व्हिसा जाणार, शिष्यवृत्ती जाणार. मीही तक्रार केली. त्यात सगळं लिहिलं. रियाचं पुटपुटणं, फॅमिली बिझनेस, आणि जात. तो शब्द मी लिहिला.

त्यानंतर काकू आल्या. मेडनहेडहून, स्वतः गाडी चालवत. हातात डबा, साबुदाण्याच्या खिचडीचा. माझ्या प्लायवूडच्या पडद्याआड बसायला जागा नव्हती म्हणून पलंगावरच टेकल्या. इकडे तिकडे बघून म्हणाल्या, बाई गं, अशी राहतेस?

मग मुद्द्यावर आल्या. मुलींची मस्करी जरा हाताबाहेर गेली. रिया रडतेय, जेवत नाही. ती इथेच वाढलेली, तिला जातबीत काय कळतं?

"तिला कुणी सांगितलं, काकू?"

काकू डब्याचं झाकण नीट लावायला लागल्या. नीटच लागलेलं होतं ते.

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. त्या इमोजेनच्या आईशी बोलल्या होत्या. क्लब तक्रार मागे घ्यायला तयार होता. वरची ती खोली मला द्यायलाही तयार होता. आणि मला क्लबच्या घरात राहायचं नसेल तर कुठेही खोली बघ, रियाच्या बाबांनी सांगितलंय, आम्ही जामीन राहू. मी फक्त माझी तक्रार थोडी बदलायची. भांडण झालं, दोन्हीकडून चुकलं, एवढंच.

"ते जातीचं तेवढं काढून टाक," काकू म्हणाल्या. "आपल्या लोकांची बदनामी होते इथे."

"कोणत्या आपल्या लोकांची? दिवाळीत तर मी तुम्ही लोक होते."

त्या उठल्या. दारात म्हणाल्या, विचार कर, थंडीत कुठे जाशील? ही धमकी नव्हती. त्यांना खरंच माझी काळजी वाटत होती, आणि तेच मला सगळ्यात भयंकर वाटलं. त्या मला घर देत होत्या. बदल्यात फक्त माझ्या आजोबांनी पुन्हा एकदा झाकणाखाली जायचं होतं.

विचार करायला मी रात्र घेतली नाही. त्यांची गाडी वळायच्या आत रस्त्यावर जाऊन सांगितलं. नको. खोली नको, जामीन नको. तक्रारीतला एक शब्द बदलणार नाही.

खोली केलीला मिळाली. तिने बाथरूममध्ये काय पाहिलं ते समितीला सांगावं असं मी तिला विनवलं होतं. तिने मेसेज पाठवला, सॉरी, मला नीट आठवत नाही. मी तिला शिव्या घातल्या नाहीत. तिलाही छप्पर हवं. पण हे असंच चालतं हे मला त्या दिवशी कळलं. उंबऱ्याबाहेरच्या दोघींपैकी एकीला आत घ्यायचं, म्हणजे दुसरीसाठी साक्षीदार उरत नाही.

समितीसमोर इमोजेन नवा दात बसवून आली. म्हणाली, आमचा नियम सगळ्यांना सारखा आहे. समितीच्या बाईंनी मान डोलावली.

मी म्हणाले, नियम सारखाच आहे. पण तुमच्या मुली जन्मायच्या आधीच त्यांच्यासाठी कुणीतरी उठलेलं असतं. बाहेरून येणारीने गुडघ्यावर बसायचं, हे तुम्ही नियमात लिहीत नाही, कारण लिहायची गरज नाही. आमच्याकडेही कुठे लिहिलेलं नव्हतं की गटारात माझ्या आजोबांनीच उतरायचं. उतरायचे मात्र तेच.

बाईंनी विचारलं, जातीचा मुद्दा इथे प्रस्तुत आहे का? मी म्हणाले, माझं डोकं ज्या कारणासाठी खाली दाबलं, ते कारण प्रस्तुत नसेल तर दुसरं काय आहे?

मग त्यांनी समजुतीचा मार्ग काढला. मी लेखी माफी मागायची, आणि या प्रकरणाबद्दल बाहेर कुठे बोलणार नाही असं कबूल करायचं. क्लबच्या मुलींना एक ट्रेनिंग देतील. मी विचारलं, आणि तो उठायचा नियम? तो क्लबचा अंतर्गत मामला आहे, असं उत्तर मिळालं.

मी माफी मागितली नाही. काहीही कबूल केलं नाही. निकाल अजून यायचाय. प्लायवूडमागची जागा गेली. सध्या मी मिल्टन कीन्स या दुसऱ्या शहरात एका मैत्रिणीच्या सोफ्यावर आहे आणि लेक्चरला तिथून येते. मला काढतील बहुतेक. काढू देत.

निवड पुन्हा होईल तेव्हा मी त्या घरासमोरच्या फुटपाथवर असेन. विद्यार्थी असेन किंवा नसेन. फुटपाथ क्लबचा नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला थांबवून आत काय होतं ते सांगेन. नावं घेऊन. इमोजेनचं, रियाचं आणि माझं. माझ्या जातीचंही. ज्यांना घाण वाटते त्यांनी नाक धरावं.

आणि पुन्हा कुणी माझं डोकं खाली दाबलं तर माझा हात पुन्हा उठेल. हे मी समितीला तोंडावर सांगितलं. त्यांनी विचारलं, हे नोंदवून घ्यायचं का?

मी म्हणाले, घ्या.