मोठ्या मापाच्या बांगड्या

कासारीण ओसरीवर बसून माझ्या हातात बांगड्या भरत होती. बोलता बोलता म्हणाली, तुह्या मालकानं मागल्या बाजारात माझ्याकडून डझनभर हिरव्या नेल्या, घातल्या न्हाई व्हय? हे परवाच कुंभार पिंपळगावच्या बाजारातून आले होते, पण बांगडीचा तुकडाही मला दिसला नव्हता. मी आपलं हो म्हणाले. तिनं माझा पंजा दाबून पाहिला.

"पर त्या मोठ्या मापाच्या हुत्या. माप इचारलं तं म्हणला, माह्या हाताएवढाच हात हाय तिचा."

लग्न होऊन आष्टीत येऊन तेव्हा मला तिसरं वर्ष लागलं होतं. कूस उजवली नव्हती. सासूबाई दुसरी करायची भाषा अधूनमधून काढतच होत्या, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच लख्ख प्रकाश पडला. दुसरी ठरली होती, आणि ती थोराड हाडाची होती.

त्या दिवसापासून मी गावातल्या बायकांचे चेहरे बघायचं सोडलं आणि हात बघू लागले. हळदीकुंकवाला हळद लावायच्या निमित्तानं मनगटं धरून ठेवायची. वेशीजवळची मेंढ्यांवाली चांगली धिप्पाड होती, हातात हिरवा चुडा, शिवाय यांच्याशी हसून बोलायची. झालं. मी तिच्याकडचं दही बंद केलं आणि सहा महिने तिच्याशी अबोला धरला. बिचारीला कारण शेवटपर्यंत कळलं नाही. यांच्या हातांवर, अंगठ्याच्या बुडाशी, बारीक ओरखडे असायचे. बांगडी जोरानं काढली की नेमकी तिथंच कातडी सोलपटते, हे कुठल्याही बाईला कळतं. मला मात्र ते कापसाच्या बोंडांचे वाटले.

वेचणीच्या दिवसांत एका दुपारी मी भाकरी न्यायला शेतातून घरी आले. दाराला आतून कडी होती आणि आत बांगड्या वाजत होत्या. सापडली, म्हटलं. गोठ्याकडून गेले आणि मागचं दार ढकलून आत शिरले.

हे एकटेच बसले होते. माझं हिरवं लुगडं नेसलेले, डोक्यावर पदर, हातात बांगड्या, आणि सुपात जोंधळे पाखडत होते. खोटं कशाला सांगू, सूप त्यांच्या हाती माझ्यापेक्षा चांगलं चाललं होतं.

तरी माझा विश्वास बसेना. मी कणगीमागं पाहिलं, माळ्यावर पाहिलं. ती कुठं लपलीय, एवढंच विचारत राहिले. त्यांनी सूप खाली ठेवलं, पण पदर काढला नाही.

"दुसरी कोनी न्हाई. मीच हाय," ते म्हणाले. "कळायला लागल्यापासून आतून अशीच हाय. भाईर धोतर नेसून फिरतं ते सोंग हाय."

आधी मला हायसं वाटलं, सवत नव्हती म्हणून. मग राग आला. मग मी चुलीपुढे बसून खूप रडले, आणि हे तसेच, बांगड्या न काढता, शेजारी बसून राहिले.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही, त्याचं तोंड तेवढं फिरलं. आता मी गावावर पाळत ठेवू लागले. आमच्या दाराकडे कोण बघतं, जाऊबाई न सांगता का आल्या, दीर चावडीवर कुणाला 'बांगड्या भर' म्हणून हिणवतात तेव्हा यांच्याकडे तर बघत नाहीत ना. मोठ्या मापाच्या बांगड्या मीच घेऊ लागले. बहिणीला पाठवायच्यात म्हणायची. कासारीण माझ्याकडे रोखून बघायची, कारण मला बहीण नाही हे तिला ठाऊक होतं.

निजामाचं राज्य जायच्या आधीच हे पटकीनं गेले. अंघोळ घालून, नवं कापड गुंडाळून पुरुष अंगणात तिरडी बांधायला गेले. मी दार लोटून घेतलं. नवऱ्याआधी जाणाऱ्या बाईला चुडा, कुंकू लेववून नेतात. माझ्या घरातली ती बाई माझ्याआधी चालली होती. मी जोंधळ्याच्या कणगीत हात घालून बांगड्या काढल्या. हात ताठले होते, एकही चढेना. शेवटी त्या कापडाच्या आत, छातीशी सरकवल्या आणि कपाळावर बोटानं कुंकू टेकवून पुसून टाकलं.

बाहेर आले तर बायका माझी वाटच पाहत होत्या. जाऊबाईंनी डोळे बारीक करून विचारलं, आत बांगड्या कशाच्या वाजल्या?

"माझ्याच," मी म्हणाले, आणि बांगड्या फोडायला दोन्ही हात पुढे केले.