आकडे राहू द्या, वहिनी

"आकडे राहू द्या, वहिनी. तुमचं लहानपण सांगा."

सर असं म्हणाले आणि माझ्या हातातले कागद त्यांनी काढून घेतले. हिसकावले नाहीत. लहान मुलाच्या हातातली कात्री काढून घेतात तसे हसत हसत घेतले आणि चटईवर आपल्या मांडीजवळ पालथे ठेवले. मग खोलीकडे वळले.

"मंडळी, अमेरिकेतल्या काळ्यांचं दुःख आपण पेपरात वाचतो. पण आज आपल्यात एक व्यक्ती अशी आहे, जिच्याकडे फर्स्टहँड अनुभव आहे. वहिनी मागासवर्गीय समाजातल्या आहेत. आणि मला त्यांचा अभिमान आहे."

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. सरांच्या पत्नी पुढे सरकल्या आणि टिश्यूचा खोका त्यांनी माझ्यासमोर आणून ठेवला. मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. मी रडणार हे त्यांचं आधीच ठरलं होतं.

टोकियोच्या कोतो वॉर्डात आमची इमारत होती. वसाहतीच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी मराठी घरं जमायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे, तेव्हा आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होतो. सगळे कॉम्प्युटरवाले आणि त्यांच्या बायका. सर तेवढे वेगळे, वयानं मोठे. तिथल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. जेवण व्हायचं, मग कुणीतरी एक विषय मांडायचा आणि बाकीच्यांनी चर्चा करायची. हा नियम सरांनी घातलेला. विषय मांडणारा नेहमी पुरुष असायचा. तो नियम मात्र कुणी घातलेला नव्हता.

त्या दिवसापर्यंत माझी जात त्या खोलीत कुणाला माहीत नव्हती. आमचं आडनाव चार जातींत सापडतं. आपणहून सांगायला मी गेले नव्हते, लपवायलाही गेले नव्हते. विचारलं असतं तर सांगितलं असतं. सरांनी मला विचारलंच नव्हतं.

मी मिलिंदकडे पाहिलं. मिलिंद माझा नवरा. तो चटईच्या काठावरची कापडी पट्टी नखानं खरवडत होता. मला कळलं, सरांना कुणी सांगितलं ते.

हे असं का लागलं मनाला, ते समजायचं तर माझे दिवस कसे जात होते ते सांगावं लागेल.

मी राज्यशास्त्रात एम. ए. केलेली बाई. लग्नाआधी मराठवाड्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. मुलं वर्गात गोंधळ घालायची, पण निवडणुकीचा विषय निघाला की मागच्या बाकावरचाही मान वर करायचा. लग्न झालं आणि मी जपानला आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. मिलिंद सकाळी जायचा तो रात्रीच यायचा, आल्यावर जेवायचा आणि बसल्या जागी झोपायचा. त्याचीही दमणूक मला दिसत होती. पण माझं काय? अख्खा दिवस माझ्या तोंडून शब्द निघत नसे. कधी कधी संध्याकाळी घसा साफ करून मी स्वतःचंच नाव मोठ्यानं घ्यायचे, आवाज आहे ना ते बघायला.

खाली कचरा टाकायच्या जागी एक म्हातारे जपानी गृहस्थ असायचे. जळणारा कचरा वेगळा, बाटल्या वेगळ्या, ते बारकाईनं बघायचे. माझी पिशवी बरोबर असली की मान लववून "ओकुसान" म्हणायचे. म्हणजे बाईसाहेब. मी कधी कधी एकाच पिशवीतल्या कचऱ्याच्या दोन पिशव्या करून दोनदा खाली जायचे. कुणीतरी बोलावं म्हणून. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं.

आणि रेडिओ होता. जपानमधल्या अमेरिकन सैनिकांसाठी चालणारं इंग्रजी केंद्र टोकियोत स्वच्छ ऐकू यायचं. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षाची निवडणूक होती आणि मी त्या निवडणुकीत बुडाले. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, सतत. निवेदक बोलायचा आणि मी त्याच्याशी मराठीत वाद घालायचे. "अरे बाबा, असं कसं म्हणतोस?" म्हणायचे. माझ्या घरात तेवढाच माणूस होता.

ऑक्टोबरच्या बैठकीत आम्ही बायका आत भांडी आवरत होतो. बाहेर सर सांगत होते की अमेरिकेत गरिबांची मदत कापणारा नवा कायदा म्हणजे तिथल्या पुराणमतवादी पक्षाचं पाप. मी हात पुसत दारात आले आणि म्हणाले, "पण सर, सही उदारमतवादी अध्यक्षांनीच केली ना, ऑगस्टमध्ये?"

सर चमकले. मग मनापासून खूश झाले. "वा वहिनी! तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात. पुढच्या वेळी निकाल लागलेला असेल. तुम्ही मांडा विषय."

घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. मिलिंदला म्हटलं, "मी बोलणार आहे!" तो म्हणाला, "बोल की." त्याच्या तोंडावरही हसू होतं.

निकाल आमच्याकडे बुधवारी दिवसाउजेडी लागला. गॅस बंद करून मी रेडिओला कान लावून बसले. अध्यक्ष पुन्हा निवडून आले होते. पण मी थांबले ती दुसऱ्याच बातमीवर. कॅलिफोर्नियात त्याच मतपत्रिकेवर आणखी एक प्रस्ताव होता. सरकारी नोकऱ्या, सरकारी कॉलेजं, सरकारी कंत्राटं यांत वंश किंवा लिंग बघून कुणालाही झुकतं माप द्यायचं नाही. काळ्यांना, बायकांना जे थोडंफार मिळत होतं ते बंद. आणि शब्द किती गोड! भेदभाव नको, सगळे सारखे. त्या राज्यानं अध्यक्षांना भरघोस मतं दिली आणि हा प्रस्तावही मंजूर केला.

म्हणजे काही लाख माणसं तरी अशी असणार, ज्यांनी एकाच हातानं दोन्ही केलं. उदार माणसाला मत दिलं आणि खालच्या माणसाची शिडी काढून घेतली. आणि संध्याकाळी घरी जाऊन समाधानानं जेवली. हा माझा विषय होता. मी त्यावर जीव तोडून काम केलं. वॉर्डाच्या वाचनालयात जाऊन इंग्रजी पेपर चाळले, टिपणं काढली, वाळत घातलेल्या शर्टांसमोर उभी राहून भाषण म्हटलं. कित्येक महिन्यांनी मी पुन्हा मी झाले होते.

आणि त्या रविवारी सर म्हणाले, आकडे राहू द्या.

खोली वाट बघत होती. माणसं वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगते. कुणाच्या नजरेत तिरस्कार नव्हता. तिरस्कार मला ओळखू येतो, त्याच्याशी कसं वागायचं तेही येतं. हे वेगळं होतं. त्यांचे चेहरे मऊ झाले होते. एक जण अंग सावरून बसला, सिनेमा सुरू होताना बसतात तसा. सरांच्या पत्नी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाल्या, "सांगा ना. पाण्याचं वगैरे सांगा. मन मोकळं होतं."

पाण्याचं वगैरे.

माझ्या अंगात आग उठली. यांना माझं डोकं नको होतं. माझी जखम हवी होती. अमेरिकेवर बोलायला सर होते, मी फक्त कसं दुखतं ते सांगायचं. विचार त्यांनी करायचा. आणि सगळ्यात लाज कशाची वाटली सांगू? एक क्षण मला मोह झाला. सांगून टाकावं. एक प्रसंग सांगितला, डोळे पुसले, की या खोलीत माझी जागा पक्की. दर महिन्याला कुणीतरी माझ्याशी मराठीत बोलेल. त्या दिवसांत मी इतकी एकटी होते की तेवढ्यासाठी मी विकली गेले असते.

मी टिश्यूचा खोका उचलला आणि सरांच्या पत्नीसमोर परत ठेवला. सरांच्या मांडीजवळचे कागद वाकून घेतले.

"मी अमेरिकेच्या निवडणुकीवर बोलायला आले आहे," मी म्हटलं. "तेवढंच बोलेन."

आणि बोलले. आवाज सुरुवातीला फाटला, मग लागला. कॅलिफोर्निया सांगितलं. तो प्रस्ताव सांगितला. ज्यांनी दोन्हीकडे मत दिलं त्या भल्या माणसांबद्दल सांगितलं. ती वर्णद्वेषी नाहीत, ती काळ्यांच्या हालांवर पुस्तकं वाचतात, चर्चा करतात, त्यांच्या डोळ्यांत पाणीही येतं. फक्त आपल्या मुलाच्या कॉलेजातली जागा जाणार म्हटलं की त्यांना एकदम समता आठवते. असं मी म्हटलं. वर्गात म्हणायचे तसं, एकेका माणसाकडे बघत.

सरांचा चेहरा लाल झाला. "वहिनी, ही तुलना चुकीची आहे. आपल्याकडचा आरक्षणाचा प्रश्न पूर्ण वेगळा आहे. आपल्याकडे मेरिटचं..."

"सर, मी आपल्याकडचं काहीच म्हटलेलं नाही," मी म्हणाले.

चर्चा झालीच नाही. कुणीतरी आतून चहा तयार असल्याचं सांगितलं आणि सगळे घाईघाईनं उठले.

कालव्याच्या कडेनं घरी येताना मिलिंद पुढे पुढे चालत होता. पुलावर थांबला.

"एखादी गोष्ट सांगितली असतीस तर काय बिघडलं असतं? माणसं आपली झाली असती."

"तू माझं त्यांना का सांगितलंस?"

"सरांनी सहज विचारलं. चांगल्या मनानं विचारलं. मला वाटलं, तुझं कौतुक करतील." मग पुलाच्या कठड्याला टेकून म्हणाला, "मी थकलोय गं, जात कळेल म्हणून सारखं सांभाळून राहायला."

त्याचा राग आला आणि कीवही आली. त्याला ती खोली माझ्याइतकीच हवी होती. आम्ही दोघंही भुकेले होतो, एवढंच. मी त्याला समजावलं नाही. तो मला समजावत बसला नाही. जेवलो आणि झोपलो.

डिसेंबरात सरांचा फोन आला. आवाजात नेहमीचा गोडवा. "या हं, नक्की या. मागच्या वेळी तुम्ही जरा चिडलात. मी समजू शकतो, तुमचं दुःख आहेच तसं."

"मी चिडले नव्हते. मी विषय मांडला. यावेळी त्याचा पुढचा भाग मांडू?"

"यावेळी मुलांचे कार्यक्रम ठेवलेत. नंतर बघू."

ते नंतर कधी आलं नाही. मिलिंद एक-दोनदा एकटा जाऊन आला, मग त्यानंही सोडलं. तो हिवाळा फार लांब होता. बाजारात एखादी मराठी बाई दिसली की ती मान हलवायची, आणि तिच्या नजरेत तेच मऊपण असायचं. मी आजारी असल्यासारखं. त्यानं एकटेपणा कमी व्हायचा नाही, वाढायचा. कितीतरी दुपारी वाटलं, फोन उचलावा, माफी मागावी, हवं ते सांगून टाकावं. रडलेही. खोटं कशाला बोलू? पण फोन उचलला नाही.

हे वाचणारेही वाट बघत असतील, मला ठाऊक आहे. आता ही बाई तिच्या लहानपणावर येईल. शाळा येईल, पाणी येईल, कुणीतरी लांबून ओतलेली ओंजळ येईल. येणार नाही. माझ्याकडे ते आहे. पुष्कळ आहे. माझी आई त्यातून गेली, मी गेले. मला वाटेल तेव्हा, मला वाटेल त्यांच्यासमोर मी ते मांडेन, आणि तेव्हा ते पुरावा म्हणून मांडेन. कुणाचं मन हलकं व्हावं म्हणून नाही. कुणाला आपण किती भले आहोत ते तपासून बघता यावं म्हणून तर मुळीच नाही.

मी राजकारणावर बोलणारी बाई आहे. अमेरिकेवर बोलेन, जपानवर बोलेन, आपल्याकडच्यावर तर बोलेनच. आकड्यांसकट बोलेन. मला बोलवायचं असेल तर माझं मत विचारा. ते नको असेल तर बोलावू नका, मी एकटी राहीन. राहिले आहे.