कच्च्या केळ्यांवर बसलेला हात

"मना हात हालत नही, सर," असे म्हणून तो सिरिंज उजेडाकडे धरी आणि टिचकी मारून आतला बुडबुडा वर काढी. माझा हात हलत नाही! हे त्याने पहिल्याच दिवशी ऐकवले, तेव्हा हातात सिरिंज नव्हती, नुसती पेन्सिल होती.

परवा त्याच्या शोकसभेत मात्र एका वक्त्याने खुशाल सांगितले, की परीक्षेत त्याचा हात थरथरला आणि सरांनी दया येऊन त्याला पास केले. सभा हसली. त्या गृहस्थांना माझा प्रश्न आहे: आपण त्या खोलीत होता का? मी होतो. ऐंशीच्या दशकात जळगावच्या एका खासगी संस्थेत वैद्यकीय साहाय्यकांचा अभ्यासक्रम चाले आणि त्याची प्रात्यक्षिके मी घेत असे.

हा भडगावकडच्या केळी बागायतदाराचा मुलगा. वर्गात सर्वांत थोराड, लेकराबाळांचा बाप. गावच्या डॉक्टरांनी बजावले होते, "पास झालास तर दवाखान्यातली जागा तुझी. नाहीतर दुसरा बघेन."

इंजेक्शनचा सराव केळ्यांवर होई. इतर मुले बाजारातली पिकलेली केळी आणत. हा घरच्या बागेतली आणी, आणि आमच्याकडे घड कापतात तो हिरवाच. त्या टणक सालीत सुई घालायला मनगटाचा जोर लागे.

"भाऊ, माणसाचे कातडे असे नसते," मी म्हणालो.

"पिकेल केळं पोरे खातस, सर!"

परीक्षक धुळ्याहून आले होते. सुई टोचून घ्यायला शिपायाने आपला दंड पुढे केला. याने हिरव्या केळ्याला लावावा तोच जोर लावला आणि सुई मुळापर्यंत गेली.

"आरे, भितमा खिया ठोकस का?" भिंतीत खिळा ठोकतोस का, म्हणून शिपाई किंचाळला.

सुई वाकली होती. हात दगडासारखा स्थिर होता. दोष जोराचा होता, थरथरीचा नव्हे. आणि दयेचे म्हणाल, तर परीक्षकांनी माझ्याकडे पाहिले तेव्हा मी स्वच्छ सांगितले, "नापास करा."

त्याने मला जिन्यावर अडवले. "मनी जागा गयी, सर! तुम्ही एक शबद बोलतात तं?"

"बोललो की. नापास म्हणालो."

डॉक्टरांनी फेरपरीक्षेपर्यंत थांबायचे कबूल केले, तेही कुरकुरत. त्यानंतर हा मुकाट्याने पिकल्या केळ्यांवर हात बसवू लागला. फेरपरीक्षेच्या आधी माझ्या घरी आला, उकळलेली सिरिंज घेऊनच.

"हात द्या, सर."

मी बाही वर केली आणि मान फिरवून वाट पाहू लागलो. शेवटी वैतागून म्हणालो, "टोचतोस की नाही?"

"व्हयनं कवयच," तो म्हणाला. टोचून केव्हाच झाले होते, कापूस दंडावर होता.

फेरपरीक्षेत तो पास झाला, कोणाच्या दयेने नव्हे. आणि भडगावच्या त्या दवाखान्यात शरीराने साथ सोडेपर्यंत राहिला.

शेवटी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर होता. आजारामुळे उजवा हात पांघरुणावर एकसारखा हलत होता. तो उचलून त्याने माझ्यापुढे धरला.

"हालस का, सर?"

मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.

"नाही," मी म्हणालो.

शोकसभेतल्या त्या वक्त्यांनाही माझे उत्तर तेच आहे.